जमिनीचं रेकॉर्ड

शहागडच्या फाट्यावरचं हॉटेल म्हणजे चार बाकडी, एक भट्टी आणि पन्नास तज्ज्ञ. त्या तज्ज्ञांना मी परवा सांगत होतो, की तिकडं विलायतेत काही लोकांनी लँड स्पीड रेकॉर्ड मोडायला एक गाडी बांधली आहे. शेजारी आबा बशीत चहा ओतत होते. त्यांची बशी हवेतच थांबली.

"लँड रेकॉर्ड? आन् स्पीडनं?"

"हो आबा."

"कोणत्या तालुक्यात?"

आबांची चूक नाही. त्यांचा शेजाऱ्याशी बांधावरून वाद आहे. अंबडला, तालुक्याच्या गावी, मोजणीचा अर्ज टाकून त्यांना इतके दिवस झाले, की अर्ज टाकला तेव्हा बांधावर लावलेली लिंबाची काडी आता सावली द्यायला लागली. मोजणीला पूर्वी साधी, तातडी, अतितातडी आणि अतिअतितातडी अशा पायऱ्या होत्या. तातडीला दोनदा 'अति' लावल्याशिवाय जिथं पान हलत नाही, तिथल्या माणसाला 'स्पीड' आणि 'लँड रेकॉर्ड' हे शब्द एका दमात ऐकून ठसका लागणारच. आता ते चार प्रकार गेले आणि दोनच राहिले, नियमित आणि द्रुतगती. आबांनी आता नव्यानं भरलेला फॉर्म द्रुतगतीचा आहे. द्रुतगती हा शब्द आपल्याकडं महामार्गालाही लावतात आणि मोजणीलाही. पहिल्यात माणूस वेळेआधी पोचतो, कधीकधी थेट वर. दुसऱ्यात माणूस वर गेल्यावर नातवाला नोटीस पोचते.

तर मी आबांना समजावून सांगितलं. जमिनीचं रेकॉर्ड नव्हे, जमिनीवरचं रेकॉर्ड. चाकाची गाडी जमिनीवरून जास्तीत जास्त किती जोरात पळते, त्याचा विक्रम. आज तो 1,227.985 किलोमीटर ताशी आहे. 15 ऑक्टोबर 1997 ला अमेरिकेत नेवाडातल्या ब्लॅक रॉक नावाच्या वाळवंटात थ्रस्ट एसएससी या ब्रिटिश गाडीनं तो केला. फँटम या लढाऊ विमानाची दोन रोल्स रॉइस इंजिनं दोन्ही कुशीला बांधलेली आणि मधल्या चिमटीत अँडी ग्रीन हा हवाई दलाचा वैमानिक. आवाजापेक्षा जोरात पळालेली ही पहिली गाडी. म्हणजे ती पुढं जाते आणि तिचा आवाज मागून येतो.

"आपल्या मंत्र्यांचं उलटं है," पलीकडच्या बाकड्यावरून एक जण म्हणाला. "आवाज आधी येतो. मंत्री येतच न्हाई."

हे मात्र सरसकट खरं नाही. 2023 च्या सप्टेंबरात शेजारच्या अंतरवाली सराटीला मराठा आरक्षणाच्या उपोषणाच्या मांडवाकडं जे ताफे आमच्या फाट्यावरून गेले, त्यांचा वेग मोजायला कोणी घड्याळ घेऊन उभं नव्हतं म्हणून, नाहीतर ब्लॅक रॉकची काही खैर नव्हती.

आता हे रेकॉर्ड मोजतात कसं, ते ऐकण्यासारखं आहे. एकदा सुसाट सुटून भागत नाही. ठरलेलं अंतर एकदा जायचं, मग त्याच वाटेनं उलट दिशेनं परत यायचं आणि हे सगळं एका तासाच्या आत. दोन्ही फेऱ्यांची सरासरी काढतात. का, तर वारा पाठीवर घेऊन कोणीही शूर होतो, वारा तोंडावर घेऊन काय करतो ते बघायचं. 1997 च्या त्याच ऑक्टोबरात, 13 तारखेला, थ्रस्टनं दोन्ही फेऱ्यांत आवाजाचा वेग ओलांडला होता, पण परतीची फेरी तासाच्या मर्यादेपेक्षा मिनिटभर उशिरा झाली. विक्रम धरला नाही. बिचाऱ्यांनी दोन दिवसांनी सगळं पुन्हा केलं.

आबांनी हा नियम दोनदा सांगायला लावला. मग बशी खाली ठेवून म्हणाले, "म्हंजे आंबडला जायाचं, काम करायचं आन् तासाच्या आत वापस यायचं?"

"काम करायचं नाही आबा, नुसतं जायचं-यायचं."

"मंग हे तर मी तीन वर्सं करू लालो."

इथं मी थोडा वेळ गप्प बसलो. ज्याचा त्याचा विक्रम.

वेगाचं हे वेड इंग्रजांना फार जुनं. त्याची सुरुवात मात्र त्यांची नाही, फ्रान्सची. 1898 च्या डिसेंबरात पॅरिसजवळ एका फ्रेंच सरदारानं ताशी 63 किलोमीटरच्या वर गाडी नेली, तो पहिला नोंदलेला विक्रम. गाडी विजेवर चालणारी होती, हे आत्ता विजेची स्कूटर घेऊन गावभर मिरवणाऱ्यांनी ऐकून ठेवावं. पुढच्याच वर्षी, 1899 मध्ये, कामिय जेनात्झी या बेल्जियन गड्यानं शंभरी ओलांडली. त्याचा आकडा 105.88. त्याच्या गाडीचं नाव होतं 'ला जामे कोंतांत', म्हणजे 'कधीच समाधान न होणारी'. मराठीत या नावाची गाडी निघाली तर आमच्या सोयऱ्यांपैकी चौघी तरी आपल्यावर टीका केली म्हणून रुसतील.

हा 105 चा आकडा लक्षात ठेवा. 10 जानेवारी 2008 ला दिल्लीत टाटांनी नॅनो दाखवली, लाखाची गाडी. तिचा कमाल वेग ताशी 105 किलोमीटर. म्हणजे 109 वर्षांनी आपण जेनात्झीच्या शेजारी जाऊन उभे राहिलो, तेही किंचित मागंच. फरक इतकाच, की जेनात्झी एकटा होता आणि नॅनोत नवरा, बायको, दोन लेकरं, सासू आणि सासूच्या मांडीवर गव्हाचं पोतं.

त्याच 2008 च्या जून महिन्यात टाटांनी फोर्डकडून जॅग्वार आणि लँड रोव्हर विकत घेतल्या, 230 कोटी डॉलर मोजून. आणि त्याच वर्षी, 23 ऑक्टोबरला, लंडनच्या विज्ञान संग्रहालयात रिचर्ड नोबल नावाच्या माणसानं जाहीर केलं, की आम्ही ताशी 1,000 मैल पळणारी गाडी बांधणार, नाव ब्लडहाउंड. हजार मैल म्हणजे 1,609 किलोमीटर. शहागडहून छत्रपती संभाजीनगर तीन मिनिटांत. वडीगोद्री, पाचोड, आडूळ ही गावं लागली कधी आणि गेली कधी, कळायचं नाही. एसटीतसुद्धा कळत नाही, पण ते झोप लागल्यामुळं.

हा नोबल आपल्या मातीतला माणूस वाटतो. तो काही मोठा इंजिनिअर नाही. त्यानं पहिली जेट गाडी बांधली, ती 1977 मध्ये चाचणीत उलटीपालटी झाली. तो वाचला, गाडी भंगारात गेली. भंगारवाल्यानं 175 पौंड दिले. तेच भांडवल धरून त्यानं दुसरी गाडी काढली. मग पेपरात जाहिरात दिली, की ताशी 650 मैल पळणारी गाडी काढून देणारा डिझायनर पाहिजे. आपल्याकडं अशी जाहिरात आली तर लोक म्हणतील, मुलगी बघायचा कार्यक्रम कधी. तिकडं खरंच एक जण आला, जॉन ॲक्रॉइड. त्या दोघांच्या थ्रस्ट टू गाडीनं 4 ऑक्टोबर 1983 ला ताशी 633 मैलांचा विक्रम करून दाखवला. कशासाठी केलं म्हणून विचारलं तर नोबलचं म्हणणं असं, की ब्रिटनसाठी आणि मजा म्हणून. आमच्याकडं हेच कारण लोक पाच एकर विकून लेकीच्या लग्नात पाच हजार पान उठवताना सांगतात. तिथं फक्त ब्रिटनच्या जागी भावकी.

पैसे कुठून आणले, तर वर्गणी. पुढं नोबलचीच थ्रस्ट एसएससी अमेरिकेला विमानानं न्यायची होती, इंधनाला पैसे नव्हते. मग पब्लिकला हाक घातली आणि लोकांनी थोडं थोडं इंधन विकत घेऊन दिलं. ब्लडहाउंडच्या वेळी तर याच्याही पुढची युक्ती. थोडे पौंड द्या, तुमचं नाव गाडीच्या शेपटीच्या उभ्या पंखावर छापतो. हजारो नावं गोळा झाली.

ही युक्ती आमचीच. आमच्या मारुतीच्या देवळात छताला पंखा आहे. त्याच्या तिन्ही पात्यांवर देणगीदाराचं नाव, गाव आणि कैलासवासी वडिलांचं नाव लाल रंगात लिहिलेलं आहे. पंखा चालू झाला की काही वाचता येत नाही. लाइट गेली की सगळं नीट दिसतं. त्यामुळं देणगीदार हा गावातला एकमेव माणूस आहे, जो लोडशेडिंगच्या बाजूनं बोलतो. इंग्रजांनी तर ताशी हजार मैलांवर जाणाऱ्या पंखावर नावं लिहिली. वाचणार कोण? पण वर्गणी देणाऱ्याला वाचायचं नसतं. त्याला असायचं असतं.

गाडीच्या पोटात जे काही होतं, ते ऐकून मात्र आमच्या हॉटेलातले बागायतदार सावरून बसले. एक जेट इंजिन, युरोफायटर टायफून विमानाचं. त्याच्या जोडीला एक रॉकेट बसवायचं ठरलेलं. रॉकेटला इंधनाबरोबर हायड्रोजन पेरॉक्साइड लागतं आणि ते काही सेकंदांत शेकडो लिटर आत ढकलावं लागतं. त्यासाठी मूळ आराखड्यात एक पंप होता. पंप चालवायला काय, तर जॅग्वारचं व्ही-आठ इंजिन, साधारण साडेपाचशे हॉर्सपॉवरचं.

"साडेपाचशे?" एकाचा विडा गालातच राहिला. त्याची गोदावरीत साडेसातची मोटर आहे.

"साडेपाचशे."

"थ्री फेज?"

मी म्हटलं, ते पेट्रोलवर चालतं. त्यानं सुटकेचा श्वास टाकला. लाइट रात्रीच येत असती तर त्या इंग्रजाला मध्यरात्री कंदील घेऊन विक्रम करावा लागला असता. पण विचार करा, सगळ्यात वेगवान व्हायला निघालेल्या गाडीतलं जॅग्वारचं जगप्रसिद्ध इंजिन चाकं फिरवत नाही, ते नुसता पाइपलाइनला जोर देतं. आणि जॅग्वार टाटांची. म्हणजे हिशेब केला तर तो पंप आपलाच. ज्यांनी दीडशे वर्षं आपल्याला उपसलं, त्यांच्या रॉकेटला आपण पंप पुरवला. यावरून ज्याला छाती फुगवायची त्यानं फुगवावी. मी नुसती नोंद करतो.

चाकांना टायर नाही. भरीव ॲल्युमिनियमची चाकं, एकेकाचं वजन 95 किलो, पूर्ण वेगात मिनिटाला दहा हजारांहून जास्त फेरे. टायर नाही म्हटल्यावर फाट्यावरच्या पंक्चरवाल्यानं चर्चेतला रस सोडला.

इथं आमच्यातला एक तरुण उठला. तो मोबाइलवर इतिहास शिकतो. तो म्हणाला, हे सगळं आपल्याकडं आधीच होतं. इथून वर आपेगाव, ज्ञानोबांच्या पूर्वजांचं गाव. ज्ञानोबांनी भिंत चालवली. इंजिन नाही, इंधन नाही, पंप नाही. मी म्हटलं, बाबा, भिंत चालली याबद्दल माझी काही हरकत नाही, पण ती एका तासात उलट दिशेनं परत आली का? तो म्हणाला, चांगदेवांची भेट झाल्यावर परत कशाला येईल? मी म्हटलं, मग नियमात बसत नाही. तो माझ्याकडं असं बघू लागला, जणू मी नास्तिक आहे. वास्तविक मी फक्त नियमावली वाचली होती.

आमच्या भागाचा ब्रिटिश गाडीशी खरा संबंध आला तो वेगळ्याच बाजूनं. 1948 पर्यंत शहागड निजामाच्या राज्यात. सहावा निजाम महबूब अली खान यानं रोल्स रॉइसला एक पिवळी गाडी सांगितली, आत बसायला सिंहासन. गाडी यायच्या आत, 1911 मध्ये, तो वारला. गाडी पुढच्या निजामाला मिळाली. ती पुढं कित्येक दशकं हैदराबादेत उभी होती आणि तेवढ्या काळात चारशे मैलसुद्धा चालली नाही. ब्रिटिश गाडीनं सगळ्यात हळू अंतर कापायचा विक्रम ठेवला असता तर तो आमच्या सरकारच्या, म्हणजे तेव्हाच्या सरकारच्या, नावावर लागला असता. 'तेव्हाच्या' या शब्दाखाली वाचकांनी रेघ मारू नये.

पुढचं सांगताना जरा जपून सांगतो, कारण त्यात आपल्याच वळणाच्या बऱ्याच गोष्टी आहेत. ब्लडहाउंडची घोषणा 2008 ला. गाडी पहिल्यांदा लोकांसमोर पळाली 2017 च्या ऑक्टोबरात, न्यूकीच्या धावपट्टीवर, ताशी 210 मैल. 2018 मध्ये पैसे संपले आणि कंपनी बुडायला आली. यॉर्कशरच्या इयन वॉरहर्स्ट नावाच्या उद्योजकानं गाडी विकत घेऊन वाचवली. 2019 च्या नोव्हेंबरात दक्षिण आफ्रिकेत ती ताशी 628 मैल, म्हणजे 1,010 किलोमीटर पळाली. विक्रमाला अजून सव्वाशे मैलांच्या वर कमी. मग महामारी आली, गाडी विक्रीला निघाली आणि संग्रहालयात जाऊन उभी राहिली. 2023 मध्ये मालकांनी नवा चालक शोधायला घेतला. अट अशी, की चालकानं येताना पैसेही घेऊन यावेत, कोटीच्या घरातले पौंड.

ही अट ऐकून हॉटेलात एकदम शांतता पसरली. चार जणांनी एकमेकांकडं बघितलं. त्यातल्या दोघांची पोरं बीएड आहेत. नोकरी आहे, पण जागेसाठी पैसे आधी मोजा, हे वाक्य त्यांनी इंग्रजाच्या तोंडून ऐकायला नको होतं. इतकी वर्षं त्यांना वाटायचं, हा फक्त आपल्याकडच्या संस्थाचालकांचा शोध आहे.

पण माझं मन जिथं अडकलं ते या कशात नाही. ते अडकलं दक्षिण आफ्रिकेतल्या त्या मैदानात. हाक्सकीन पॅन, नॉर्दर्न केप प्रांतातला कोरडा पडलेला तळ्याचा तळ. सपाट, लांबच लांब, गाडी पळवायला उत्तम. फक्त दगड. ताशी हजार मैलांवर चाकाखाली गोटा आला, तर तो गोटा राहत नाही, तोफगोळा होतो. यंत्रानं साफ करायला गेलं तर वरचा थर फुटतो आणि जमीन खराब होते. मग काय करणार? माणसं लावली. तिथल्या मीअर भागातली 317 माणसं, बायाबापड्यांसकट. प्रांतिक सरकारनं मजुरीवर घेतली. त्यांनी हातानं, वाकून, 2 कोटी 20 लाख चौरस मीटर जमिनीवरचे दगड वेचले. आपल्या हिशेबात साडेपाच हजार एकर. दगड किती निघाले, तर साडेसोळा हजार टन. माणशी बावन्न टन. हायवा गाडीत भरायचे म्हटले तर हजारेक खेपा.

हे मी सांगत होतो आणि आबा चहा प्यायचे थांबले होते.

"दुष्काळी काम," ते म्हणाले.

दुसरा शब्दच नाही. बहात्तर साली आमच्या या पट्ट्यातली सगळी आजी-पिढी खडी फोडायला, पाझर तलावावर, नालाबंडिंगवर होती. खायला सुकडी आणि अमेरिकेतून आलेली लाल मिलो. मागणाऱ्याला काम मिळालंच पाहिजे ही वि. स. पागे यांची कल्पना, पुढं 1977 ला तिचा कायदा झाला आणि मग दिल्लीनं ती उचलली. आमची आजी सांगायची, की मुकादम सकाळी मस्टर घेऊन यायचा आणि नाव पुकारायचा. नाव मस्टरला लागलं तर दिवस भरला. नाही लागलं तर दिवसभर खडी फोडली तरी तुम्ही तिथं नव्हता. तिच्या हाताच्या बोटांचं एक पेर कायमचं चपटं झालं होतं. आम्ही लहानपणी त्याच्याशी खेळायचो. कुठं फोडली खडी, विचारलं तर रस्त्याकडं हात करायची. कोणत्या रस्त्याकडं, ते तिलाही नक्की सांगता यायचं नाही. सगळेच.

ती खडी घातलेल्या रस्त्यावर आज चौपदरी आहे. आधी नंबर 211 होता, आता 52. तिच्यावरून कोण पळतं ते आम्ही रोज बघतो. मुंबईचे टँकर, पुण्याच्या ट्रॅव्हल्स आणि उसाच्या हंगामात दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर, ज्यांना मागं दिवा नसतो, फक्त स्पीकर असतो.

गाडीच्या शेपटीवर पैसे भरलेल्या हजारोंची नावं आहेत. ते ठीक आहे, त्यांनी पैसे दिले. चालकाचं नाव रेकॉर्डला लागतं, तेही ठीक आहे, जीव त्याचा. पण 317 जणांच्या हाताखालून साडेसोळा हजार टन दगड गेले, त्यांची नोंद कुठल्या वहीत? त्यांचंही कुठंतरी मस्टर असेल. एखाद्या कपाटात. आमच्या आजीच्या मस्टराशेजारी.

असो. मी फार गंभीर झालो की वाचक पान उलटतात आणि राशिभविष्याकडं जातात.

तर मी हॉटेलात ठराव मांडला. ती गाडी सध्या बेकार आहे. तिला लागतं काय, तर लांब, सपाट, कोरडी जमीन. ती आमच्याकडं उन्हाळ्यात फुकट आहे. गोदावरी! जायकवाडीचे दरवाजे बंद झाले की खाली नदीत पाणी राहतं ते पुलावरून जाणाऱ्यांनी नमस्कार करण्यापुरतं. इंग्रजांनी 1924 मध्ये वेल्सच्या पेंडाइन किनाऱ्यावर वाळूवरच रेकॉर्ड केले होते. मॅल्कम कँबेल ओल्या वाळूवरून ताशी 146 मैल पळाला. वाळूवर गाडी पळते हे सिद्ध झालेलं आहे.

ठराव ताबडतोब फेटाळला गेला. कारणं अशी. पहिलं, नदीला सरळ पट्टा नाही, मध्येमध्ये बंधारे आहेत, आपेगाव, हिरडपुरी, जोगलादेवी. दुसरं आणि खरं, की वाळू आहे कुठं? पेंडाइनला वाळूवर रेकॉर्ड झालं, आमच्याकडं वाळूचंच रेकॉर्ड झालं. नदीच्या पात्रात आता खड्डे आहेत, एकेक इतका, की त्यात गाडी गेली तर ती विक्रमात नाही, पंचनाम्यात निघेल.

आणि मग मला साक्षात्कार झाला. आपण वेगवान गाडी विलायतेत शोधतो आहोत. ती इथं रोज रात्री दीड वाजता फाट्यावरून जाते.

वाळूचा हायवा. नंबरप्लेटला चिखल, दिवे बंद, वर ताडपत्री आणि ताडपत्रीखाली गोदामाई. नियमाला तो ब्लडहाउंडपेक्षा पक्का. एक फेरी भरलेली, एक रिकामी. तासाच्या आत परत. कारण तास चुकला तर खेप बुडते. थ्रस्ट मिनिटभर उशिरा आली म्हणून विक्रम हुकला, हायवावाल्याचा मिनिटभर उशीर म्हणजे पथकाची जीप. त्या इंग्रजी गाडीत शेकडो सेन्सर बसवलेले, प्रत्येक क्षणाचा आकडा नियंत्रण कक्षात जातो. आमच्याकडं एकच सेन्सर. अठरा वर्षांचा पोरगा, फाट्यावर मोटारसायकलवर बसलेला, हातात मोबाइल. त्याला म्हणतात 'लोकेशनवाला'. साहेबांची गाडी बंगल्यातून निघाली, वळली, डिझेल भरायला थांबली, सगळी माहिती साहेबांच्या बायकोच्या आधी याला. विलायतेतल्या गाडीला थांबायला पॅराशूट लागतं. हायवाला थांबायची पद्धतच नाही.

चालकही ठरलेला नाही, रोज नवा. येताना पैसे आणत नाही, जाताना वाटत जातो. त्या वाटलेल्या पैशांची यादी कुठल्या पंखावर लिहीत नाहीत. लिहिली असती तर पंख पुरला नसता.

आबांनी एवढं सगळं ऐकून घेतलं. बाकी त्यांना ब्लडहाउंड काही वाईट वाटली नाही. म्हणाले, "त्या इंग्रजाला म्हणावं, नदी नको. आमच्या शिवारात ये. जमीन सपाट है, ट्रॅक्टरनं रोटा मारून देऊ."

"आणि दगड?"

"काढू ना. त्या काळ्या लोकांनी काढले, आपल्याला काय झालं?"

मग मोजायला बसलो, शिवारात कोणकोणते दगड आहेत. ओढ्याच्या काठाचा एक आहे, त्याला शेंदूर लावलेला आहे, तो म्हसोबा. तो हलला तर गाव हलेल. शाळेजवळ तीन आहेत, संगमरवरी. एक सभामंडपाची कोनशिला, एक पाणीपुरवठा योजनेची आणि एक कशाची ते वाचता येत नाही. त्यांना हात लावला तर तीन पक्षांचे लोक येतील. रस्त्याकडेचा किलोमीटरचा दगड सरकारी. सार्वजनिक बांधकामच्या खडीचा ढीग आहे, तो गेल्या दिवाळीपासून उद्या उचलणार आहेत. पिंपळाखालचा एक गोल दगड पोरं शर्यतीत उचलतात, तो तालमीचा. उरले बांधावरचे.

तेवढ्यात अंबडकडं जाणारी काळी-पिवळी आली. आबांनी धोतराचा सोगा आवरला, पिशवीतले कागद चाचपले, चहाचे पैसे माझ्यावर सोडले आणि एक पाय पायरीवर ठेवून मागं वळले.

"त्या इंग्रजाला बोलाव खुशाल. पण येक सांगून ठेव. माझ्या बांधावरच्या त्या मोठ्या दगडाला हात लावू नको म्हणावं. मोजणी व्हायची है अजून. त्यो दगड माझ्या बाजूनं है."